सफरचंदांच्या खोलीतली दाढी

नेगीसाहेब अर्ध्या बाह्यांच्या शर्टात कोल्ड स्टोरेजमध्ये शिरले तेव्हा आमचे सहा कामगार माकडटोप्या घालून, तोंडाला फेस फासून, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर रांगेत बसले होते. प्रत्येकाच्या हातात रेझर होता आणि प्रत्येक रेझर थरथरत होता. मागे छतापर्यंत सफरचंदांचे खोके रचलेले. मी दोन स्वेटरांवर लॅबकोट चढवला होता, त्यामुळे हात शरीरापासून लांब राहत होते. त्याच अवस्थेत मी मुलीच्या बापासारखा पुढे झालो.

"सर, ये हमारा विंटर चेंबर."

नेगीसाहेबांनी रांगेवरून नजर फिरवली. मग माझ्यावर आणली.

"और आपकी दाढ़ी?"

"सर, मैं केमिस्ट हूँ."

याला उत्तर म्हणत नाहीत हे मलाही कळलं. पण थंडीत डोकं तेवढंच चाललं.

आधी माझ्या कामाबद्दल सांगतो. सिल्वासाजवळ खडोलीला एक कारखाना आहे. तिथे शेव्हिंग क्रीम, टाल्कम पावडर असला माल बनतो. ट्यूबवर नाव दुसऱ्याचं, आतला माल आमचा. मी तिथला फॉर्म्युलेशन केमिस्ट. म्हणजे कशात काय आणि किती घालायचं ते ठरवणारा माणूस. लग्नातल्या आचाऱ्याचं काम आणि माझं काम सारखंच. फक्त आचाऱ्याला चव घेऊन बघता येते.

मला दाढी होती. चांगली भरघोस, छातीकडे निघालेली. शेव्हिंग क्रीमच्या केमिस्टने दाढी ठेवावी म्हणजे हलवायाने साखर सोडण्यातला प्रकार. लोक विचारायचे तेव्हा मी 'स्किन सेन्सिटिव्ह आहे' म्हणायचो. ते खरं होतं. दाढीखाली जी हनुवटी होती तिच्याबद्दल मी काही बोलायचो नाही.

नेगीसाहेब डोंगराकडचे. त्यांच्या कंपनीचा माल वरच्या गावांमध्ये खपतो. तिथे हिवाळ्यात दाढी केली की गाल पापडासारखे होतात आणि हसलं की भेगा पडतात, अशी तिथल्या गिऱ्हाइकांची तक्रार. म्हणून त्यांना खास हिवाळ्याचं क्रीम हवं होतं. मी पहिलं सॅम्पल पाठवलं त्यात मेंथॉल भरपूर घातलं. मेंथॉल म्हणजे पुदिन्यातला तो गारवा. आमच्या पट्ट्यात ज्यात गारवा तो माल भारी, हा नियमच. तेलात गारवा, साबणात गारवा, पावडरीत गारवा. नेगीसाहेबांचा फोन आला. "वाणीजी, ठंड तो हमारे यहाँ मुफ़्त मिलती है. आप बेच क्यों रहे हैं?"

मेंथॉल काढलं. दुसरं सॅम्पल केलं. पण ते थंडीत कसं चालतं ते बघायचं कुठे? सिल्वासात डिसेंबरमध्ये पहाटे जरा गारठतं, तेवढ्यावर आम्ही कानटोप्या काढतो आणि नऊ वाजता परत ठेवून देतो. तेव्हा मला रांध्याच्या रस्त्यावरचं कोल्ड स्टोरेज आठवलं. मालक आमच्या जिग्नेशभाईंच्या ओळखीचे. जिग्नेशभाई म्हणजे आमचे शेठ. एक अर्धी रिकामी खोली मिळाली. मालकाची अट एकच होती, सफरचंदावर एक केस दिसला तर दोस्ती संपली. आम्ही ताडपत्री अंथरली.

तिथे आधी एकदा गुपचूप ट्रायल घेतली होती. पद्धतीला आम्ही हाफ-फेस म्हणतो. एका गालावर जुनं क्रीम, दुसऱ्यावर नवं. माणूस एक, ब्लेड एक, हात एक, त्यामुळे फरक पडला तर तो क्रीमचाच. मग तासाभराने त्या माणसाला विचारायचं, चेहऱ्याला ओढ किती बसते? अजिबात नाही तर एक मार्क, बोलवत नसेल तर पाच. दाढी करायला बसणाऱ्यांना पॅनेल म्हणतात. आमचं पॅनेल म्हणजे फिलिंग लाइनवरचे सहा जण, त्यातले म्होरके गिरधरभाऊ. शिरपूरकडचे. ट्यूब भरायच्या मशीनवर त्यांचा हात बसलेला.

त्या ट्रायलचे निकाल इतके छान आले की मीच हरखलो. नव्या क्रीमच्या गालाला सगळ्यांनी एक मार्क दिला. जुन्यालाही बऱ्याच जणांनी एकच दिला. इथे एखाद्या शहाण्याला शंका आली असती. मी मात्र रिपोर्टात लिहिलं की आमचं जुनं क्रीमसुद्धा हिवाळ्याला उत्तम आहे.

रिपोर्ट वाचून नेगीसाहेब म्हणाले, मी बघायला येतो. आणि शुक्रवारी आले.

जिग्नेशभाईंनी या ऑर्डरच्या भरवशावर दुसरी शिफ्ट आधीच सुरू करून टाकली होती. गिरधरभाऊंनी गावाकडून आणखी माणसं आणली होती. त्यांनी किलवणीत खोल्या घेतल्या, बायका आणल्या, पोरं शाळेत घातली. ऑर्डर गेली तर दुसरी शिफ्ट बंद आणि ही सगळी मंडळी परत शिरपूरच्या बसमध्ये. माझी नोकरी गेली असती की नाही ठाऊक नाही. पण सकाळी गिरधरभाऊंच्या समोर चहा प्यायला मला तोंड राहिलं नसतं.

तर नेगीसाहेब खोलीत फिरले. कुणाच्या गालाकडे त्यांनी बघितलंच नाही. सरळ भिंतीपाशी गेले आणि भिंतीवरून एक बोट ओढलं. बोट ओलं झालं. ते त्यांनी मला दाखवलं. मग एक खोका उघडला, सफरचंद काढलं, शर्टाला पुसलं.

"ये हमारी तरफ़ का है. मेरे पिताजी का बाग़ है, वाणीजी. सेब के स्टोर में हवा गीली क्यों रखते हैं, पता है?"

मला पता नव्हता.

"ताकि छिलका न सूखे. छिलके पे झुर्री आ गई तो सेब कौन लेगा?" त्यांनी सफरचंद परत खोक्यात ठेवलं. "यहाँ सेब का छिलका नहीं सूखता, तो आपके आदमियों का क्यों सूखेगा?"

सहाच्या सहा माकडटोप्या माझ्याकडे वळल्या.

आता जे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं ते सांगतो. नुसत्या गारठ्याने कातडी एवढी फुटत नाही. खरं काम कोरडी हवा करते. डोंगरात हिवाळ्याच्या हवेत ओलच नसते, म्हणून ती हवा मिळेल तिथून पाणी ओढते. आपल्या गालातूनही. हवेतली ओल मोजायला हायग्रोमीटर नावाचं छोटं यंत्र असतं. आमच्याकडे ते होतं. माझ्या टेबलाच्या खणात. कोल्ड स्टोरेजमध्ये मी थर्मामीटर नेले होते, तेही दोन, एक बंद पडला तर असावा म्हणून.

"म्हणजे साहेब," गिरधरभाऊ फेसातून म्हणाले, "आपण उगीच कुडकुडलो का?"

"उगीच नाही हो. थंडी खरी होती."

"ते कळलं आम्हाला."

कारखान्यात परत आलो. जिग्नेशभाईंच्या केबिनमध्ये मी ओल, बाष्प, कातडी असं सगळं समजावून सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"वाणी, मला टेक्निकल नको सांगू. कोरडी थंडी जोईए ने? तर लाव कुठूनतरी. नेगीसाहेब रविवारी सकाळी जाणार. त्याच्या आधी लाव."

"भाई, सिल्वासात कोरडी थंडी कुठून आणू?"

हे मी म्हणालो आणि माझ्या लक्षात आलं की माझे दात वाजतायत. जिग्नेशभाई एसी बाराही महिने सोळावर ठेवतात. आतमध्ये शाल घेऊन बसतात, पण सोळा म्हणजे सोळा. त्यांचे ओठ कायम फुटलेले असतात. मी त्यांच्या ओठांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलो असणार, कारण त्यांनी विचारलं, "शुं जुए छे?"

"भाई, तुमची केबिन लागेल."

पावडर सेक्शनला हवा कोरडी करायचं एक मशीन आहे. पावडर भरताना गुठळ्या होऊ नयेत म्हणून. ते चाकांवरून ढकलत केबिनमध्ये आणलं. दारं, फटी चिकटपट्टीने बंद केल्या. खणातून हायग्रोमीटर काढला, धूळ झटकली. शनिवारी सकाळी काटा तीस टक्क्यांच्या खाली आला होता. नेगीसाहेब आत येऊन एक लांब श्वास घेऊन म्हणाले, "हाँ. अब घर जैसा लगा." पहिल्यांदाच त्यांनी हाफ शर्टावर स्वेटर चढवला.

हवा तयार होती. आता दाढ्या हव्या होत्या. दाढी हा या कामातला कच्चा माल. तो दोन दिवसांचा असावा लागतो आणि एकदा वापरला की दोन दिवस पुन्हा वापरता येत नाही. पॅनेलच्या सगळ्या दाढ्या मी आदल्या दिवशी सफरचंदांसमोर खर्च करून टाकल्या होत्या. स्टॉक निल.

बाकीच्या कारखान्यात खुंट भरपूर होते. मी लाइनवर गेलो.

"कुणाकुणाची दाढी वाढलीय? दहा मिनिटांचं काम आहे. चहा-नाश्ता माझ्याकडून."

कुणी मान वर करेना. शेवटी गिरधरभाऊ जवळ आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "साहेब, शनवार आहे."

"मग?"

"शनवारी ब्लेडला हात नाही लावत कुणी. मंगळवारी पण नाही. तुम्ही चाळीसगावचे ना? तुमच्याकडे चालतं का?"

चालत नव्हतं. माझे वडील शनिवारी नखंसुद्धा कापत नसत. पण दाढी वाढल्यापासून माझा या वारांशी संबंधच सुटला होता. ट्रायल आखताना मी कॅलेंडर बघितलं ते फक्त नेगीसाहेबांच्या परतीसाठी.

"अहो, हे सायन्सचं काम आहे, गिरधरभाऊ."

"मग सायन्स रविवारी करा ना साहेब. आम्ही सगळे येतो. पंगत लावू."

"रविवारी सकाळी साहेब जाणार."

पलीकडे गिरधरभाऊंचा पुतण्या दुसऱ्या शिफ्टच्या हजेरीला उभा होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग गिरधरभाऊंनी स्वतःच्या गुळगुळीत गालावरून हात फिरवला. "माझी असती तर दिली असती," ते म्हणाले. "शनवार गेला खड्ड्यात. पण काल तुम्हीच करून घेतली."

स्टोअरमधल्या सोनवण्याला मात्र चांगली दोन बोटं दाढी होती. मी आशेने गेलो. तो म्हणाला, बायकोला सातवा महिना चालू आहे, बाळंतपण होईपर्यंत दाढी करायची नाही, आईचा हुकूम. मी म्हटलं, आईला फोन लाव, मी बोलतो. त्याने लावला. स्पीकरवर.

"मावशी, मी वाणी बोलतोय, केमिस्ट. तुमच्या मुलाची दाढी एका कामासाठी हवी होती."

"कशाला?"

"क्रीम तपासायचंय. हिवाळ्याचं."

"कुणी बनवलंय?"

"मीच."

"मग आपल्या तोंडाला लावा ना दादा. सुनेच्या पोटाला का लावता?"

फोन ठेवला. सोनवणे छताकडे बघत होता. गिरधरभाऊ माझ्या दाढीकडे बघत होते. मागे जिग्नेशभाई येऊन उभे राहिले होते, शालीसकट, आणि तेही दाढीकडेच बघत होते.

"वाणी," ते म्हणाले, "केटली सरस दाढी छे."

मला दहा मिनिटं द्या म्हणालो आणि बाहेर जाऊन बायकोला फोन लावला. स्नेहल सिल्वासातल्याच एका शाळेत शिकवते. शनिवारची शाळा सुटायची वेळ होती.

"दाढी काढावी लागतेय," मी म्हणालो.

"कुणाची?"

"माझी."

मागे मुलांचा गोंगाट चालू होता. "म्हणजे मी लग्न कुणाशी केलंय ते आज कळणार," ती म्हणाली.

"हनुवटी विशेष नाहीये, आधीच सांगतो."

"विशेष नाहीये म्हणजे? आहे की नाही?"

"आहे. पण लगेच गळा सुरू होतो."

"बरं. मग येशील तेव्हा बेल वाजव. किल्लीने उघडून एकदम आत येऊ नकोस."

केबिनमध्ये खुर्ची मांडली. आधी वाढलेली दाढी कमी करायला हवी होती, ती गिरधरभाऊंनी पॅकिंगच्या कात्रीने केली. त्या कात्रीने रोज खोक्यांच्या पट्ट्या कापतात, त्यामुळे त्यांचा हात मोकळा होता. नेगीसाहेब म्हणाले, आधी आणि नंतरचे फोटो काढा, रेकॉर्डला लागतील. ते सोनवण्याने काढले. तो फार मन लावून काढत होता.

डावा गाल, जुनं क्रीम. गार पाणी, कारण खेड्यात सगळे गार पाण्यानेच करतात असं मी स्वतःच नेगीसाहेबांना पटवलं होतं. रेझर फिरवला. आग झाली. मला आनंदच झाला, कारण जुनं क्रीम नापास होणं आमच्या फायद्याचं होतं. "देखा सर?" मी डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणालो.

मग उजवा गाल, नवं क्रीम. फेस लावला. आणि इथे मी माझ्या स्वभावाप्रमाणे व्याख्यान सुरू केलं. या क्रीममध्ये साबण कसा सौम्य केलाय, तेलकट अंश कसा जास्त ठेवलाय, कातडीवर त्याचा थर कसा राहतो. बोलता बोलता गाल आखडायला लागला. 'आणि म्हणून' म्हणताना तोंड पूर्ण उघडेना. आरशात बघितलं. फेस वाळून भिंतीच्या चुन्यासारखा झाला होता. त्याला बारीक तडे गेले होते. रेझर लावला तर तो करकरला. खरवडत खरवडत कसाबसा गाल मोकळा केला. ती आग डाव्या गालाच्या वरताण होती.

हवा कोरडी करायचं मशीन घुरघुरत होतं. दाराच्या काचेतून दुसऱ्या शिफ्टची माणसं आत डोकावत होती. त्यांना आवाज जात नव्हता, पण माझा चेहरा दिसत होता, आणि तेवढा पुरे होता.

नेगीसाहेबांनी विचारलं, "ग्लिसरीन कितना डाला है?"

मी सांगितलं.

"इतना कम क्यों?"

ग्लिसरीन हा चिकटसर, गोडसर द्रव. त्याचं काम एकच, पाणी धरून ठेवायचं. आम्ही ते नेहमी हात आखडून घालतो. कारण सिल्वासात पावसाळ्याचे चार महिने ग्लिसरीन हवेतली सगळी ओल ओढून घेतं, क्रीम पातळ होतं, ट्यूबच्या तोंडाशी चिकचिकतं आणि गिऱ्हाईक शिव्या देतं. ओल कशी हाकलायची याचाच विचार करण्यात आमचं आयुष्य गेलेलं. ओल कशी टिकवायची हा प्रश्न या गावात कुणाला पडतच नाही. मी डोंगरासाठी क्रीम बनवलं होतं, पण जुलैतल्या खडोलीच्या हिशोबाने.

"सर, एक घंटा दीजिए," मी म्हणालो.

लॅबमध्ये पळत गेलो. अर्धवट तासलेल्या तोंडाने कॉरिडॉरमधून पळणारा माणूस बघून अकाउंट्समधल्या बाईंनी पदर तोंडाला लावला. थोडं क्रीम कोमट केलं, ग्लिसरीन वाढवलं, नीट घोटलं, थंड होऊ दिलं. एका वाटीत घेऊन परत आलो.

मग लक्षात आलं की कच्चा माल संपत आलाय. दोन्ही गाल खर्ची पडले होते. उरली होती मिशी आणि हनुवटी. हनुवटी मी मुद्दामच शेवटपर्यंत ठेवली होती. वाटलं होतं, गालांवरच निकाल लागला तर हिची वेळ येणारच नाही.

"सर, मूँछ पे कर लें?"

"मूँछ छोटी जगह है," नेगीसाहेब म्हणाले. "ठोड़ी पे कीजिए."

जिग्नेशभाईंनी खुर्ची पुढे ओढली. गिरधरभाऊंनी सोनवण्याला मोबाइल नीट धरायला सांगितलं.

या वेळी नेगीसाहेबांनी मला माझ्या मनाने काही करू दिलं नाही. गरम पाणी मागवलं. गरम म्हणजे कोमट. चटका बसेल असं पाणी कातडीचं तेल काढून नेतं. त्यात टॉवेल पिळून हनुवटीवर धरायला लावला, केस मऊ होईपर्यंत. मग फेस, आणि फेस तसाच थोडा वेळ राहू दिला. बोलायचं नाही अशी सक्त ताकीद. ब्लेड नवीन. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने रेझर, दाब न देता, एका जागेवर एकदाच. मला उलटा फिरवायची सवय होती, शेवटची दाढी केली होती तेव्हाची. "उल्टा मत चलाइए, ये खेत नहीं है." मग कोमट पाण्याने धुवायचं, टॉवेलने घासायचं नाही, नुसतं टिपायचं. आणि कातडी जरा ओलसर असतानाच वरून साधं मलम. माझ्या खिशात आफ्टरशेव्हची बाटली होती, ते जळजळणारं, अल्कोहोलचं. ती त्यांनी काढून घेतली. "ये मेहमानों को सुँघाइए."

फेस शेवटपर्यंत ओला राहिला. रेझर लोण्यातून गेल्यासारखा गेला. हनुवटी उघडी पडली.

जिग्नेशभाईंनी वाकून बघितलं. बाजूने बघितलं. मग फार हळुवारपणे म्हणाले, "वाणी, दाढी ठेवायचा निर्णय बरोबर हतो."

"भाई, रिझल्ट बघा ना."

"बघतो. शोधतो आहे कुठे आहे."

मग आम्ही सगळे त्या केबिनमध्ये दुपारभर बसलो, कारण कोरडेपणाचा परिणाम दिसायला वेळ लागतो. जिग्नेशभाई शालीत गुंडाळून चेकवर सह्या करत होते. गिरधरभाऊंना झोप लागली. नेगीसाहेब अधूनमधून उठून भिंगातून माझ्याकडे बघायचे, वडिलांच्या बागेतलं झाड तपासावं तसं. चहाच्या वेळेपर्यंत दोन्ही गाल पांढुरके पडले होते, सोलवटले होते. हसू येत होतं तरी हसवत नव्हतं. हनुवटी मात्र मऊ. ओढ एक मार्क. मी तो मार्क स्वतःच दिला, पण नेगीसाहेबांनी बोट लावून बघितलं आणि मान हलवली.

"वाणीजी, एक ठोड़ी से कुछ साबित नहीं होता," ते म्हणाले. "और आपने क्रीम भी बदला, तरीका भी बदला. किसका कमाल है, भगवान जाने. पर फेन सूखा नहीं, ये मैंने आँख से देखा. माल भेजिए. हमारे यहाँ बीस आदमियों पे करवाऊँगा. शनिवार छोड़ के."

जानेवारीत त्यांनी ती ट्रायल केली. वाढवलेल्या ग्लिसरीनचं क्रीम पास झालं. ऑर्डर आली, एका अटीवर. खोक्याच्या बाजूला दाढी कशी करायची ते चित्रांसकट छापायचं, कारण अर्धं दुखणं क्रीमचं नसून हाताचं आहे असं नेगीसाहेबांचं मत पडलं. दुसरी शिफ्ट चालू आहे. गिरधरभाऊ हल्ली कुणालाही बजावतात, टॉवेल घासू नको, टीप. सोनवण्याला मुलगी झाली. बारशाला त्याने दाढी केली ती आमच्याच क्रीमने, आणि आईसमोर.

मी यातून काय शिकलो ते दोन वाक्यांत सांगता येतं. थंडीत दाढी करायची असेल तर आधी कातडीला पाणी द्या, नंतर ते पाणी आत राहील असं बघा. आणि ट्रायल आखायची असेल तर हवा मोजा, वार बघा, आणि तोंड बंद ठेवा.

खोक्यावरची चित्रं सोनवण्याने काढलेल्या फोटोंवरूनच केली. वापीच्या डिझायनरने नाक माझं ठेवलं, कान माझे ठेवले, गालही माझेच. फक्त हनुवटी बदलली. चांगली चौकोनी, मध्ये खळी असलेली, कुणातरी दुसऱ्याची. सबंध चेहऱ्यात ट्रायल पास झालेली तेवढीच एक जागा होती.